चौदा वर्षांच्या पोराला स्नूकरच्या ज्युनियर स्पर्धेत उतरवावं का?

प्रश्न वणी तालुक्यातल्या एका शेतकरी भाऊंचा आहे. मुलगा १४ वर्षांचा, नववीत शिकतो आणि तालुक्याच्या स्नूकर पार्लरमध्ये मोठ्या पोरांना हरवतो. भाऊ विचारतात की बिलियर्ड्स-स्नूकरमध्ये ज्युनियर स्पर्धा केव्हापासून आहेत, त्यांतून खरंच कोणी पुढे गेलं का, आणि आपल्यासारख्या खेड्यातल्या पोराला त्याचा काही उपयोग आहे का, की हा सगळा शहरातल्या क्लबवाल्यांचा खेळ आहे?

भाऊ, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमची खरी काळजी तीच दिसते. उपयोग आहे. मात्र वयाची मर्यादा समोर ठेवून तयारी आत्ताच सुरू करावी लागेल. मी हा खेळ कोळसा खाणीच्या क्लबात शिकलो. पुढे बरीच वर्षं ज्युनियर पोरांना शिकवलं आणि त्यांच्या सामन्यांत रेफ्री म्हणून उभा राहिलो. या खेळाचा जेवढा इतिहास मला माहीत आहे, त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. मोठ्या क्लबाची मेंबरशिप नसलेल्या पोराला वर यायला या खेळात जो रस्ता मिळाला, तो ज्युनियर स्पर्धांनी दिला.

तसा हा खेळ आपल्या शेजारचाच. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरला लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला असं मानतात, आणि त्याचं श्रेय नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याला देतात. नियम पुढे उटीच्या क्लबात पक्के झाले. जबलपूर तेव्हा मध्य प्रांतात होतं आणि त्या प्रांताची राजधानी होती नागपूर. पण आपल्याकडे टेबल आलं ते साहेबांच्या क्लबात. आपला माणूस तिथे मार्कर होता. बोर्डावर पॉइंट मांडायचे, कापड ब्रश करायचं, साहेबांचा शॉट बसला की बॉल काढून स्पॉटवर ठेवायचा. कितीतरी मार्कर मेंबरांपेक्षा चांगले खेळायचे. त्यांच्या पोरांना टेबल मिळायचं ते दुपारी, साहेब लोक जेवायला गेले की. ती पोरं तयार व्हायची, पण त्यांना खेळायला स्पर्धाच नव्हती. मेंबरांच्या स्पर्धा मेंबरांसाठी होत्या.

इंग्लंडमध्ये ही अडचण लवकर सुटायला लागली. १९२२ मध्ये तिथे १६ वर्षांखालच्या मुलांची बिलियर्ड्सची राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती वॉल्टर डोनाल्डसन या स्कॉटिश मुलाने जिंकली. हाच डोनाल्डसन पुढे १९४७ आणि १९५० मध्ये स्नूकरचा विश्वविजेता झाला. मोठ्यांच्या स्नूकरची जागतिक स्पर्धा सुरू झाली १९२७ मध्ये, म्हणजे मुलांची बिलियर्ड्सची स्पर्धा तिच्याही आधीची. नंतर तिथे १९ वर्षांखालचाही गट आला. १९७६ मध्ये १९ वर्षांखालच्यांचं इंग्लिश बिलियर्ड्स विजेतेपद स्टीव्ह डेव्हिसने घेतलं. त्याने १९८१ ते १९८९ या काळात सहा वेळा स्नूकरचं जागतिक विजेतेपद जिंकलं. त्याचं ज्युनियर वयातलं हे विजेतेपद बिलियर्ड्सचं होतं, हे लक्षात ठेवा. त्यावर मी पुढे बोलणार आहे.

जागतिक पातळीवर खरा बदल झाला १९८७ मध्ये. आंतरराष्ट्रीय बिलियर्ड्स आणि स्नूकर महासंघाने, म्हणजे आयबीएसएफने, २१ वर्षांखालच्यांची जागतिक स्नूकर स्पर्धा सुरू केली. तिच्या विजेत्यांची नावं पाहिली की तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळतं. १९८९ चा विजेता आयर्लंडचा केन डोहर्टी. त्याने त्याच वर्षी हौशी खेळाडूंचं जागतिक विजेतेपदही घेतलं आणि १९९७ मध्ये व्यावसायिक विश्वविजेता झाला. ज्युनियर, हौशी आणि व्यावसायिक अशी तिन्ही जागतिक विजेतेपदं मिळवणारा तो पहिला खेळाडू. १९९० चा विजेता पीटर एब्डन, तोही २००२ मध्ये विश्वविजेता झाला. १९९१ ची स्पर्धा आपल्या बंगलोरला झाली, आणि ती जिंकली रॉनी ओ'सलिव्हन नावाच्या १५ वर्षांच्या इंग्लिश मुलाने. पुढे सात जागतिक विजेतेपदं मिळवणारा हा माणूस तुमच्या पोराएवढा असताना आपल्या देशात येऊन जिंकून गेला. त्याच वर्षी इंग्लंडच्या हौशी स्पर्धेत त्याने १४७ चा पूर्ण ब्रेक केला होता, म्हणजे एकाच पाळीत टेबलावरचे जास्तीत जास्त पॉइंट घेतले होते.

२००२ मध्ये चीनचा डिंग जुनहुई १५ व्या वर्षी ही स्पर्धा जिंकला. त्याच वर्षी त्याने आशियाई २१ वर्षांखालची आणि आशियाई मोठ्यांची स्पर्धाही जिंकली होती. तीन वर्षांनी चायना ओपनच्या अंतिम सामन्यात त्याने सात वेळच्या विश्वविजेत्या स्टीफन हेंड्रीला हरवलं आणि चीनमध्ये पोरांच्या झुंडी टेबलाकडे वळल्या. आज व्यावसायिक स्नूकरमध्ये जिकडेतिकडे चिनी नावं दिसतात, त्यामागे हे मोठं कारण आहे.

मला स्वतःला मात्र या यादीत २००३ चा विजेता सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेलबर्नचा नील रॉबर्टसन. हा मुलगा १६ व्या वर्षीच व्यावसायिक झाला होता, पण टिकला नाही आणि बाहेर पडला. २००३ मध्ये न्यूझीलंडमधल्या टाउपो या गावी त्याने २१ वर्षांखालचं जागतिक विजेतेपद जिंकलं. तेव्हा तो २१ वर्षांचा होता, म्हणजे वयोगटाच्या अगदी काठावर. त्या विजेतेपदामुळे त्याला व्यावसायिक दौऱ्यावर पुन्हा जागा मिळाली आणि २०१० मध्ये तो विश्वविजेता झाला. भाऊ, ज्युनियर स्पर्धेचं मोल यात आहे. चषक शोकेसमध्ये राहतो, पण त्या विजयाने पुढचं दार उघडतं. हेही तितकंच खरं की या यादीतल्या कित्येक विजेत्यांची नावं नंतर कुठेच ऐकू आली नाहीत. पोराला दोन्ही गोष्टी सांगा.

आता आपल्या देशाकडे येतो. राष्ट्रीय बिलियर्ड्स स्पर्धा १९३१ पासूनची. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. त्यांचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद १९५० चं, वयाच्या २८ व्या वर्षीचं. १९५८ मध्ये कलकत्त्याला ते जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, तेव्हा वय ३६. वैयक्तिक खेळात स्वतंत्र भारताचे ते पहिले विश्वविजेते. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७ मध्ये पहिल्यांदा जगज्जेते झाले तेव्हा चाळिशीला टेकले होते. मग आला अहमदाबादचा गीत सेठी. तो राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धा जिंकून वर आलेला. १९८२ मध्ये राष्ट्रीय स्पर्धेत त्याने खुद्द फरेरांना हरवलं आणि १९८५ मध्ये दिल्लीला तो विश्वविजेता झाला, वय २४. आणि पंकज अडवाणी, पुन्हा पुण्यातच जन्मलेला, पण बंगलोरला अरविंद सवूर यांच्या हाताखाली तयार झालेला. त्याने राष्ट्रीय ज्युनियर बिलियर्ड्स २०००, २००१ आणि २००३ मध्ये जिंकलं. २००३ मध्ये ज्युनियर स्नूकरही घेतलं आणि त्याच वर्षी चीनमधल्या जिआंगमेनला मोठ्यांचं जागतिक स्नूकर विजेतेपद जिंकून आला. वय १८. ज्युनियर राष्ट्रीय विजेता आणि मोठ्यांचा विश्वविजेता, एकाच वर्षात.

३६, २४, १८. हे वय खाली आलं त्याला टेबलांची संख्या, प्रशिक्षक, प्रवासाची सोय अशी पुष्कळ कारणं आहेत. पण बाराव्या-चौदाव्या वर्षी पोराला दबावाचा सामना खेळायला मिळणं हे त्यातलं मोठं कारण आहे. पार्लरमध्ये मित्राशी खेळताना हात थरथरत नाही. समोर अनोळखी पोरगा, बाजूला रेफ्री, मागे दोन्हीकडचे पालक गप्प बसलेले, आणि सोपा काळा बॉल पॉट करायचा, म्हणजे खिशात घालायचा, असला की थरथरतो. हे आधी अनुभवलेलं पोर विशीत घाबरत नाही.

मुलींचा इतिहास अगदी अलीकडचा, पण आपल्यासाठी तो फार मोलाचा. २०१८ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला बंगलोरच्या कीर्तना पांडियनने १६ वर्षांखालच्या मुलींचं जागतिक विजेतेपद घेतलं. चेन्नईची अनुपमा रामचंद्रनही अशीच वयोगटाच्या स्पर्धांतून वर आली आणि २०२५ मध्ये दोह्याला महिलांची जागतिक स्नूकर विजेती झाली. तुमच्या घरी मुलगी असेल तर तिलाही क्यू, म्हणजे खेळायची काठी, द्या. आपल्या भागातल्या पार्लरमध्ये मुलगी पाऊल ठेवू शकत नाही, ही लाजेची गोष्ट आहे. ती बदलायला गावातल्याच चार बापांनी पुढे व्हावं लागेल. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये एक पूल टेबल बसलं तरी सुरुवात होते.

पूलचं म्हणाल तर ज्युनियर नाइन-बॉलची जागतिक स्पर्धा १९९२ पासून आहे. तैवान, फिलिपिन्स, पोलंड, जर्मनी इथली पोरं तिथे गाजतात. कॅरम बिलियर्ड्सच्या (आपला बोर्डावरचा कॅरम नव्हे), म्हणजे बिनखिशाच्या टेबलावरच्या थ्री-कुशनमध्ये कोरियाचा चो म्योंग-वू तीनदा ज्युनियर विश्वविजेता झाला आणि २०२४ मध्ये मोठ्यांचाही. आपल्याकडे हा खेळ नाहीच, म्हणून त्यात जास्त शिरत नाही.

इथून पुढे तुमच्या मुलाबद्दल. तो ज्या टेबलावर जिंकतो ते टेबल आधी तपासा. स्नूकरचं पूर्ण टेबल १२ फूट बाय ६ फूट, खाली पाच जाड स्लेटचे दगड, वजन एक टनाच्या वर. आपल्याकडे जमीन काळी. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, आणि तिच्यावरची फरशी दरवर्षी थोडी हलते. पार्लरवाला टेबल बसवताना पाणसळ लावून घेतो, पण दोन पावसाळे गेल्यावर पुन्हा लावत नाही. परीक्षा सोपी आहे. पांढरा बॉल बॉकच्या, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो त्या, बाजूने अगदी हळू सोडा, इतका हळू की काळ्याच्या स्पॉटपाशी जाऊन जेमतेम थांबेल. शेवटच्या हातभर अंतरात तो कोणत्या बाजूला ओढला जातो ते पाहा. मग उलट दिशेने सोडा. ओढ दोन्ही वेळा एकाच भिंतीकडे असेल तर टेबल तिकडे झुकलं आहे. कापडाच्या लवेचाही हळू बॉलवर परिणाम होतो, म्हणून दोन्हीकडून पाहायचं.

हे एवढं का सांगतो? कारण झुकलेल्या टेबलावर रोज खेळणारं पोर नकळत त्या झुकावाची भर घालून नेम धरायला शिकतं. घरच्या टेबलावर ते सगळ्यांना हरवतं, आणि पुण्या-मुंबईच्या सपाट टेबलावर सोपे बॉल खिशाच्या जबड्याला लागून बाहेर येतात. माझ्या हाताखालचा एक गुणी पोरगा पहिल्या राज्य स्पर्धेत पहिली फ्रेम, म्हणजे सामन्यातला पहिला डाव, हरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काका, इथं बॉल थांबूनच नाही राहिला!" दुसरी अडचण ती. मोठ्या हॉलमध्ये एसी असतो, कापड नवं आणि बारीक लवेचं असतं, महत्त्वाच्या सामन्यांच्या टेबलाखाली तर हीटर असतात, म्हणून बॉल सरसर पळतो. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये कापड ओलावा धरतं, बॉल जड पळतो, कुशन, म्हणजे टेबलाच्या कडेचं रबर, मेल्यासारखं वाटतं. पोराला जोरात मारायची सवय लागते. मोठ्या टेबलावर त्याच जोराने पांढरा बॉल अख्खं टेबल फिरून नको तिथे जातो.

यावर उपाय करता येतो. पार्लरवाल्याला विनंती करा की सकाळी उघडताना कापड ब्रश करू दे, बॉककडून काळ्या बॉलकडे, एकाच दिशेने, आणि मग टेबलाची इस्त्री फिरवू दे. पोराने ते काम स्वतः करावं. फुकट सरावाचा तास त्या बदल्यात मागता येतो, आणि टेबल कळतं. वर्षातून निदान दोनदा त्याला नागपूरला न्या आणि चांगल्या टेबलावर अख्खा दिवस खेळू द्या. स्पर्धेच्या गावी एक दिवस आधी पोचा. विदर्भ एक्सप्रेसने रात्रभर बसून सकाळी थेट टेबलापाशी उभं राहणारं पोर पहिली फ्रेम घालवतंच.

आता बिलियर्ड्स. डेव्हिस, सेठी, अडवाणी या सगळ्यांचा पाया बिलियर्ड्सचा. तीनच बॉल, एक पांढरा, एक पिवळा, एक लाल. आपल्या बॉलने दोन्ही बॉलना लागलं की कॅनन, २ पॉइंट. लाल पॉट केला किंवा लालला लागून आपला बॉल खिशात गेला (याला इन-ऑफ म्हणतात) की ३. दुसऱ्याच्या बॉलवर तेच केलं की २. आपल्या पार्लरमधली पोरं याला म्हाताऱ्यांचा खेळ म्हणतात. पण स्नूकरमध्ये पोराचं लक्ष खिशात जाणाऱ्या बॉलवर असतं, बिलियर्ड्समध्ये त्याला पांढरा आणि समोरचा, दोन्ही बॉल कुठे थांबणार याचा विचार प्रत्येक शॉटला करावा लागतो. रोज अर्धा तास डीमधून, म्हणजे बॉककडच्या अर्धवर्तुळातून, मधल्या खिशात लालवरून इन-ऑफ मारायला लावा, असा की लाल वरच्या कुशनला लागून पुन्हा मधल्या खिशासमोर येऊन थांबेल. सलग दहा जमले की बॉलचा वेग हातात आला समजा. दुसराही फायदा आहे. ज्युनियर बिलियर्ड्सला नोंदणी स्नूकरपेक्षा कमी असते. खेड्यातल्या पोराला राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचायचा तो जवळचा मार्ग आहे, आणि अजून फार थोडे पालक तो वापरतात.

तुमच्या पत्रात न लिहिलेली पण मला जाणवलेली काळजी पार्लरच्या वातावरणाची आहे. हरणाऱ्याने टेबलाचे पैसे द्यायचे, ही पद्धत सगळीकडे आहे. त्यातूनच पुढे पैशावर फ्रेम लागते. चांगला खेळणारा लहान पोरगा दिसला की मोठे त्याच्यावर पैसे लावतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे आणि यात गुणी पोरं बरबाद झालेली पाहिली आहेत. यावर भाषण देऊन भागत नाही. टेबलाचे पैसे महिन्याचे ठरवून तुम्ही स्वतः पार्लरवाल्याकडे भरा, पोराच्या हातात देऊ नका. सरावाची वेळ सकाळची ठेवा, गर्दी संध्याकाळी होते. आणि तुम्ही अधूनमधून जाऊन खुर्चीवर बसा. बाप बसलेला असला की कोणी पैसे लावत नाही.

नोकरीचं विचाराल, तर तेल कंपन्या आणि रेल्वे यांनी या खेळातल्या खेळाडूंना नोकऱ्या दिल्या आहेत. अडवाणी स्वतः ओएनजीसीत आहे. पण त्या नोकऱ्या राष्ट्रीय पातळीवर नाव झालेल्यांसाठी असतात. शिवाय हा खेळ आशियाई स्पर्धांत १९९८ ते २०१० असा होता, नंतर वगळला गेला, आणि ऑलिंपिकमध्ये तो कधी नव्हता. म्हणून नोकरीच्या आशेवर दहावी-बारावी सोडू देऊ नका. सकाळचे दोन तास सराव आणि मग शाळा, हे चौदाव्या वर्षी पुरेसं आहे.

वयाचा हिशोब असा करा. राष्ट्रीय पातळीवर सब-ज्युनियर हा लहानांचा गट आणि ज्युनियर हा २१ वर्षांखालचा, दोन्हीत मुलं-मुली वेगळे आणि स्नूकर-बिलियर्ड्सच्या स्पर्धाही वेगळ्या. वय कोणत्या तारखेला मोजायचं ते त्या वर्षीच्या परिपत्रकात लिहिलेलं असतं. तीच तारीख धरा, कारण एका दिवसाने गट बदलतो. तुमच्या मुलाकडे सब-ज्युनियरची थोडी आणि ज्युनियरची सहा-सात वर्षं आहेत. विदर्भाची क्रिकेटमध्ये वेगळी संघटना आहे, पण या खेळात आपल्या पोरांना महाराष्ट्राच्या संघटनेमार्फत मुंबई-पुण्याच्या पोरांशी खेळून निवडून यावं लागतं. तिथली पोरं रोज चांगल्या टेबलावर असतात. म्हणून पहिल्या वर्षी निकालाकडे पाहू नका, पोराने किती फ्रेम पूर्ण खेळल्या आणि चांगल्या खेळाडूंचे किती सामने बसून पाहिले ते पाहा. हरल्यावर लगेच परतीची गाडी पकडायची घाई करू नका, अंतिम सामन्यापर्यंत थांबा.

पहिल्या स्पर्धेला जाताना जन्माचा दाखला, शाळेचं बोनाफाइड आणि आधार कार्ड मूळ प्रतींसह घ्या. काळी पँट, पांढरा फुल शर्ट आणि काळे बूट हवेत. स्पोर्ट शूज असले तर टेबलापाशी उभं करत नाहीत. क्यूची टिप, म्हणजे टोकाचं चामडं, स्पर्धेच्या आदल्या दिवशी बदलू नका, निदान आठवडाभर आधी बदला, म्हणजे ती दबून बसते. अर्जाच्या वेळी काही अडलं तर कळवा, आपल्या भागातल्या पोराचा अर्ज भरून द्यायला मला आनंदच आहे.